आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

हिंसक व्हिडिओ गेम खेळणारी मुले पुढे प्रत्यक्षात हिंसा करतात, हे विधान गेल्या तीन दशकांत इतक्या वेळा आणि इतक्या अधिकारवाणीने केले गेले आहे, की त्याला पुरावा मागणे हेच आता अनेकांना असंवेदनशीलपणाचे वाटू लागले आहे. राजकीय पुढारी, पोलीस अधिकारी, समुपदेशक आणि अग्रलेखकार यांचे ज्या मोजक्या बाबतींत एकमत होते, त्यांत या विधानाची गणना करावी लागेल. हे एकमत बारकाईने तपासले असता मात्र असे आढळते, की ते एका शब्दाच्या दुहेरी वापरावर उभे आहे: प्रयोगशाळेत जे मोजले जाते ती गोष्ट वेगळी, रस्त्यावर किंवा घरात जो खून पडतो ती गोष्ट वेगळी, आणि पहिलीसाठी गोळा केलेला पुरावा गाजावाजा न करता दुसरीच्या खात्यावर टाकला जातो.

मानसशास्त्राच्या परिभाषेत आक्रमकता म्हणजे दुसऱ्याला त्रास वा इजा व्हावी या हेतूने केलेले कोणतेही वर्तन होय. टोमणा मारण्यापासून ढकलाढकलीपर्यंत पुष्कळ काही त्यात बसते. हिंसा ही आक्रमकतेची अगदी टोकाची अवस्था असून तीत गंभीर शारीरिक इजा अभिप्रेत असते. प्रत्येक हिंसक कृत्य आक्रमक असते, परंतु आक्रमक वर्तनाचा फार मोठा भाग हिंसेच्या आसपासही फिरकत नाही. हा भेद म्हणजे शब्दच्छल नव्हे, कारण प्रयोगशाळेत खून घडवून आणता येत नसल्यामुळे संशोधकाला आक्रमकतेचे एखादे निरुपद्रवी प्रतिरूप शोधावे लागते, आणि ते प्रतिरूप कितपत खरे आहे यावरच पुढचे सारे निष्कर्ष अवलंबून राहतात.

या प्रतिरूपांपैकी सर्वांत प्रचलित म्हणजे स्पर्धात्मक प्रतिक्रिया-काल चाचणी. तीत महाविद्यालयीन विद्यार्थ्याला आधी काही मिनिटे हिंसक किंवा अहिंसक गेम खेळायला देतात. मग शेजारच्या खोलीत एक प्रतिस्पर्धी बसला असून दोघांपैकी जो आधी बटण दाबेल त्याने हरणाऱ्याच्या कानात कर्कश आवाज सोडायचा आहे, असे त्याला सांगतात. शेजारच्या खोलीत प्रत्यक्षात कोणीच नसते, आणि विद्यार्थी आवाज किती मोठा ठेवतो व किती वेळ चालू ठेवतो यावरून त्याची आक्रमकता ठरवतात. समोरचाही आपल्या कानात तसाच आवाज सोडणार आहे असे ज्याला सांगितले आहे, त्याने आवाज वाढवला तर ते इजा करण्याच्या इच्छेचे लक्षण मानायचे की जिंकण्याच्या ईर्ष्येचे, हे त्या आकड्यांवरून कळू शकत नाही. दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ माल्टे एल्सन यांनी या चाचणीवर आधारित शोधनिबंध एकत्र करून पाहिले, तेव्हा त्यांतील आक्रमकतेचा आकडा दीडशेहून अधिक निरनिराळ्या पद्धतींनी काढलेला आढळला. कोणी केवळ पहिला आवाज धरला, कोणी सर्व आवाजांची सरासरी घेतली, कोणी तीव्रतेला कालावधीने गुणले, तर कोणी फक्त सर्वांत मोठे आवाज मोजले. ज्या मापपट्टीवरच्या खुणा मोजणाऱ्याने मोजमाप झाल्यावर आखायच्या, ती पट्टी कापडाच्या दुकानातही चालली नसती.

इतर चाचण्यांची कथा फारशी वेगळी नाही. एका चाचणीत अर्धवट लिहिलेले इंग्रजी शब्द पूर्ण करायला देतात आणि ‘किस’ऐवजी ‘किल’ लिहिणाऱ्याच्या मनात आक्रमक विचार जागे झाले आहेत असे मानतात. मराठीत अशी चाचणी घ्यायची तर ‘मा_णे’ या अक्षरांपासून ‘मागणे’ न करता ‘मारणे’ करणारा उमेदवार धोकादायक ठरेल. दुसरीत तिखट न आवडणाऱ्या अनोळखी माणसासाठी कोण किती तिखट सॉस वाढतो हे तोलून पाहतात. प्रयोग म्हणून यांत गैर काही नाही. गैर आहे ते इतकेच, की तिखटाच्या वाटीतून निघालेला निष्कर्ष वृत्तपत्राच्या मथळ्यापर्यंत पोहोचेतो त्याचा बंदुकीचा चाप झालेला असतो.

आरोप करणाऱ्या पक्षाचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे महाविश्लेषण, म्हणजेच एकाच प्रश्नावरील अनेक स्वतंत्र अभ्यासांचे आकडे एकत्र करून त्यांतून एक सरासरी परिणाम काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत. आयोवा राज्य विद्यापीठाचे क्रेग अँडरसन आणि त्यांचे सहकारी यांनी 2010 साली 1 लाख 30 हजारांहून अधिक व्यक्तींवरील अभ्यासांचे असे विश्लेषण प्रसिद्ध करून हिंसक गेम हे आक्रमकतेचे एक कारण असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच आकड्यांची 2017 साली जोसेफ हिलगार्ड आदींनी फेरतपासणी केली आणि अनुकूल निष्कर्षांचे अभ्यास छापले जातात, प्रतिकूल निष्कर्षांचे कपाटात राहतात, या प्रकाशन-पक्षपाताची त्यांत लक्षणे असल्याचे आणि प्रयोगांतील परिणाम सांगितला गेला त्याहून लहान असण्याची शक्यता असल्याचे दाखवले. 2018 साली आणखी एक विश्लेषण आले. त्यात 24 अभ्यासांतील सुमारे 17 हजार व्यक्तींचा काही काळ पाठपुरावा केलेला होता आणि मारामारीसारख्या शारीरिक आक्रमकतेचा विचार होता, त्यामुळे ते आवाजाच्या चाचणीपेक्षा निःसंशय वजनदार होते. त्यात इतर घटक वजा केल्यावर उरलेला परिणाम सुमारे 0.08 इतका आहे. शून्य म्हणजे संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध अशी ही मोजपट्टी असून या आकड्याचा वर्ग केल्यास माणसामाणसांतील आक्रमकतेच्या फरकापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग गेमशी जुळतो असे निघते.

हा उरलेला अंश तरी गेममुळेच निर्माण होतो काय, हा पुढचा प्रश्न. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी बरोबरीने कमीजास्त होणे, आणि कार्यकारणभाव म्हणजे एकीमुळे दुसरी घडणे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली म्हणून फांदी कावळ्याने मोडली असे म्हणू नये, हे भारतीय तर्कपरंपरेने काकतालीय न्याय या नावाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे. मुलगे मुलींपेक्षा हिंसक गेम अधिक खेळतात आणि मारामाऱ्याही अधिक करतात. ज्या घरात मुलाला मार बसतो किंवा आईला मार बसताना तो पाहतो, त्या घरातला मुलगा पडद्यावरच्या युद्धात तासन् तास आसरा घेण्याचीही शक्यता असते. असे सर्व घटक वजा केल्याचा दावा करणाऱ्या अभ्यासालाही ज्यांची नोंद झाली तेच घटक वजा करता येतात.

यावर प्रतिपक्षाचे ठरलेले उत्तर असे, की तंबाखूच्या बाबतीतही प्रारंभी असेच आक्षेप घेतले गेले होते आणि लहानसा परिणामही कोट्यवधी मुलांवर पसरला म्हणजे मोठा होतो. ही तुलना ऐकायला बिनतोड वाटते, पण ती तुलना करणाऱ्यावरच उलटते. तंबाखूच्या संशोधनात कर्करोग झालेले रुग्ण आणि मृत्यू प्रत्यक्ष मोजले गेले; खोकला मोजून त्याला कर्करोग म्हटले गेले नाही. शिवाय लहान परिणाम कोट्यवधींवर पसरत असेल, तर तो राष्ट्राच्या गुन्ह्यांच्या आकड्यांत कोठेतरी उमटला पाहिजे. अमेरिकेत खुनाचे प्रमाण 1991 साली दर लाख लोकसंख्येमागे 9.8 होते, ‘डूम’ हा प्रथमपुरुषी दृष्टिकोनातून, म्हणजे खेळणाऱ्याच्याच डोळ्यांनी, गोळ्या झाडायला लावणारा गेम 1993 साली आला, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ची तिसरी आवृत्ती 2001 साली आली, हा व्यवसाय चित्रपटांच्या तोडीचा झाला, आणि 2014 साली खुनाचे प्रमाण साडेचारच्या आसपास उतरले होते. जपान आणि दक्षिण कोरिया हे गेमवर अफाट खर्च करणारे देश असून जपानमध्ये खुनांचे प्रमाण लाखामागे अर्धाही नाही. यावरून गेममुळे गुन्हे घटतात असे कोणी म्हणेल तर तोही काकतालीय न्यायच होईल, आणि 2020 साली अमेरिकेत खून एकाएकी वाढले याचेही श्रेय गेमला देता येणार नाही. जो परिणाम कोट्यवधींवर पसरला आहे असे सांगितले जाते, त्याचा मागमूस या आकड्यांत लागत नाही, एवढेच त्यांवरून म्हणता येते.

अलीकडच्या काळात पूर्वनोंदणीची पद्धत रूढ होऊ लागली आहे. तीत संशोधक काय मोजणार आणि कसे मोजणार हे आकडे हाती येण्याआधीच जाहीर करून बांधून घेतो, त्यामुळे मागाहून सोयीचे गणित निवडण्याची वाट बंद होते. ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि कार्डिफच्या नेटा वाइनस्टीन यांनी 2019 साली ब्रिटनमधील 14 ते 15 वर्षे वयाच्या 1,004 मुलांचा असा अभ्यास केला. गेम हिंसक आहे की नाही हे त्यांनी मुलांना न विचारता अधिकृत वर्गीकरणावरून ठरवले, मुलाच्या आक्रमकतेबद्दल पालकांकडून माहिती घेतली, आणि दोहोंत संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटना या विषयात दीर्घकाळ आरोपकर्त्यांच्या बाजूची समजली जात असे. तिनेच मार्च 2020 मध्ये आपला ठराव सुधारून सांगितले, की ओरडणे आणि ढकलणे यांसारख्या वर्तनाशी हिंसक गेमचा लहानसा संबंध दिसत असला, तरी त्यांचा प्रत्यक्ष हिंसेशी संबंध जोडण्याइतका शास्त्रीय पुरावा नाही. आपल्याकडे या संघटनेचा 2015 चा ठराव अजूनही उद्धृत होतो आणि 2020 चा वगळला जातो.

हा वाद न्यायालयाच्या कसोटीवरही घासला गेला आहे. अल्पवयीनांना हिंसक गेम विकण्यास मनाई करणारा कॅलिफोर्निया राज्याचा 2005 चा कायदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2011 मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हे पुराणमतवादी म्हणून ख्यात होते, त्यामुळे त्यांच्यावर मोकाट आधुनिकतेचा आरोप कोणी करू शकत नाही. त्यांनी ग्रिम बंधूंच्या परीकथांतील क्रौर्याची आठवण दिली आणि राज्याने पुढे केलेले अभ्यास फार तर सहसंबंध दाखवतात असे म्हटले. त्याहून मर्मावर बोट ठेवणारी नोंद अशी, की राज्य ज्यांच्यावर विसंबले होते त्या अँडरसन यांनीच बग्ज बनीची व्यंगचित्रे पाहूनही तसाच परिणाम होत असल्याचे अन्यत्र मान्य केले होते, आणि तरीही राज्याला बंदी मात्र गेमवरच हवी होती. या कायद्याचे जनक बालमानसशास्त्रज्ञ व आमदार लेलँड यी यांना पुढे 2016 साली, बेकायदा शस्त्रांच्या सौद्याची बोलणी ज्यात उघड झाली होती अशा संघटित गुन्हेगारीच्या खटल्यात, पाच वर्षांची शिक्षा झाली. हा युक्तिवाद नव्हे, पण नजर नेमकी कोठे असायला हवी होती याची खूण म्हणून ते नोंदवण्याजोगे आहे.

कारण या साऱ्या चर्चेत जे झाकले जाते ते शस्त्रच. एप्रिल 1999 मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, तेव्हा ते ‘डूम’ खेळत असत ही बातमी जगभर गेली; त्यांच्या चार बंदुकांपैकी तीन एका प्रौढ मैत्रिणीने शस्त्र-प्रदर्शनातून घेऊन दिल्या होत्या, ही बाब मात्र जाणकारांपुरती राहिली. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक येथील प्राथमिक शाळेत 20 बालके आणि सहा प्रौढ मारले गेल्यावर आठवड्याभरात राष्ट्रीय रायफल संघटनेच्या प्रमुखांनी पत्रकार परिषदेत गेम-उद्योगाकडे बोट दाखवले. मारेकऱ्याची रायफल त्याच्या आईने कायदेशीरपणे विकत घेतलेली होती. सरकारी वकिलांच्या अहवालात त्याच्या घरी हिंसक गेम सापडल्याची नोंद आहे, आणि चित्रपटगृहातल्या यंत्रावर तो तासन् तास खेळत असे तो गेम मात्र नाचाचा होता, अशीही नोंद आहे. ऑगस्ट 2019 मध्ये एल पासो येथील हत्याकांडानंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीही गेमचे नाव घेतले. बंदुका बाळगणाऱ्यांच्या संघटनेला आणि त्यांच्या मतांवर निवडून येणाऱ्यांना गेम हा आरोपी इतका सोयीचा का वाटतो, हे सांगण्यासाठी मानसशास्त्राची गरज नाही.

नव्या माध्यमाला आरोपी करण्याची ही रीत जुनी आहे. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने 1954 साली चित्रकथांमुळे मुले गुन्हेगार होतात असे प्रतिपादणारे पुस्तक लिहिले, त्यावर अमेरिकी सिनेटच्या उपसमितीने सुनावण्या घेतल्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. वर्थम यांची कागदपत्रे अभ्यासकांना खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी दाखवून दिले, की मुलांची वये आणि जबान्या त्यांनी आपल्या सिद्धांताला जुळतील अशा बदलल्या होत्या.

मराठी वाचकाला याहून जवळचे उदाहरण उपलब्ध आहे. 21 डिसेंबर 1909 रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा अनंत कान्हेरे यांनी वध केला, आणि 1910 च्या आरंभी मुंबई सरकारने कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या 1907 मधील नाटकावर बंदी घातली, कारण त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे प्रेक्षकांना उमगत होते. खाडिलकरांचे नाटक राजकीय होते आणि ते निरुपद्रवी होते असे म्हणणे त्यांचाच अवमान ठरेल. परंतु जॅक्सनच्या वधामागे बाबाराव सावरकरांना झालेली जन्मठेप होती, परकी सत्ता होती, वर्षानुवर्षांची दडपशाही होती. त्या रात्री नाट्यगृहात प्रयोग होता तो देवलांच्या ‘संगीत शारदा’चा. तरीही त्या सरकारला एका गोष्टीचे श्रेय द्यावे लागेल. नाटकावर बंदी घालून ते थांबले नाही. कान्हेऱ्यांच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल कोठून आले याचा माग त्याने थेट लंडनपर्यंत काढला.

स्वतंत्र भारतात एवढाही माग काढला जात नाही. मार्च 2019 मध्ये राजकोटच्या पोलिसांनी पबजी खेळण्यास मनाई केली आणि मोबाइलवर तो गेम खेळताना आढळलेल्या तरुणांना अटक केली. त्याच वर्षी 11 वर्षांच्या एका मुलाने पालकांमार्फत मुंबई उच्च न्यायालयात याचिका करून हा गेम हिंसेला उत्तेजन देतो म्हणून त्यावर बंदी मागितली. बंदी अखेर 2 सप्टेंबर 2020 रोजी आली ती चिनी ॲपच्या यादीत, राष्ट्राच्या सुरक्षेच्या कारणाने; 2021 साली तोच गेम भारतीय नाव घेऊन परतला तेव्हा त्यातल्या रक्ताचा रंग हिरवा करण्यात आला होता. लाल रक्ताने बिघडणारे मन हिरव्या रक्ताने कसे सावरते, याचा खुलासा कोणी केलेला नाही.

भारतात ज्या घटना गेमच्या नावावर जमा झाल्या आहेत त्या लक्षपूर्वक वाचल्या तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 2019 साली भिवंडीत 15 वर्षांच्या मुलाने थोरल्या भावाला भोसकले, ते गेमवरून रागावल्याच्या कारणाने; इतर बहुतेक बातम्यांतही मोबाइल काढून घेतला, रिचार्जला पैसे दिले नाहीत, परीक्षेवरून बोलले, असेच निमित्त आढळते. म्हणजे ज्याला हिंसक आशयाचा परिणाम म्हणतात तो येथे मुळात प्रश्नच नाही. मुलाच्या हातून काढून घेतलेला गेम लुडोचा असता तरी भांडण तेच झाले असते. घरातला संवाद तुटणे, संतापावर ताबा नसणे आणि एखाद्या गोष्टीच्या आहारी जाणे हे खरे विषय आहेत आणि ते गंभीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली मान्य केलेल्या आणि 2022 पासून लागू झालेल्या रोगसूचीत गेमच्या आहारी जाण्याच्या विकाराला स्थान दिले, त्याची लक्षणे म्हणजे खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा त्याला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे. त्यांत हिंसेचा उल्लेख नाही. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये बंदीचा कायदा केला, तोही कुटुंबे कर्जबाजारी होत असल्याच्या कारणाने.

आठ वर्षांच्या मुलाच्या हाती प्रौढांसाठी केलेला गेम द्यावा असे यातून निघत नाही. चित्रपटांप्रमाणे गेमलाही वयोगटाचे अधिकृत प्रमाणपत्र देणारी व्यवस्था या देशात असायला हवी. मात्र रुचीचा व वयाचा प्रश्न वेगळा आणि खुनाच्या कारणाचा प्रश्न वेगळा. पहिल्याच्या पुराव्यावर दुसऱ्याचा निकाल देता येत नाही.

जून 2022 मध्ये लखनौत 16 वर्षांच्या मुलाने आईला गोळी घातल्याची बातमी देशभर पबजीच्या नावाने छापली गेली. गोळी सुटली ती वडिलांच्या परवानाधारक पिस्तुलातून. ते पिस्तूल घरात कोठे ठेवलेले असे, कुलपात होते की नाही, ते सुरक्षित आहे याची खातरजमा परवाना देणाऱ्या कार्यालयाने कधी केली होती काय, यांवर चर्चा झाली नाही आणि शस्त्रपरवान्यांच्या अटींचा फेरविचार करा अशी मागणी कोणी लावून धरली नाही. पुढच्या वेळी अशी घटना घडेल तेव्हा वृत्तपत्रांनी मथळ्यात गेमचे नाव घालण्यापूर्वी शस्त्र कोणाचे होते हे पहिल्या परिच्छेदात छापावे, आणि पोलिसांनी मुलाचा मोबाइल जप्त करताना त्या शस्त्राचा परवानाही मागावा.